निळूभाऊ आवाजात सापडायचे नाहीत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

यंदा १३ जुलैला निळू फुले यांच्या स्मृतिदिनानिमित्त आपल्या दैनिकात लेख आला. तो मी दोनदा वाचला. पडद्यावरचा दुष्ट माणूस आणि प्रत्यक्षातला देवमाणूस. बायका त्यांना बघून पदर सावरायच्या, पण मनानं अगदी साधे. राष्ट्र सेवा दलात घडलेले, चळवळींच्या पाठीशी उभे राहणारे. यातलं काहीच खोटं नाही. पण २००९ साली ते गेले तेव्हापासून दर जुलैला मी हेच वाचते आहे. ज्या कामामुळं ते आपल्याला आठवतात त्या कामाबद्दल, म्हणजे ते अभिनय नेमका कसा करत याबद्दल, चार ओळीही नसतात. चौकटीत मोठ्या अक्षरांत ते एक वाक्य मात्र असतं : ‘बाई, वाड्यावर या.’

पुढं दोन महिन्यांनी आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात नकलांची स्पर्धा झाली आणि मला परीक्षक म्हणून बसवलं. अकरा जणांनी नावं दिली होती, त्यातल्या चौघांनी निळूभाऊ केले. चौघांनीही टोपी तिरकी केली, घसा दाबून आवाज घोगरा केला, एक डोळा बारीक केला आणि तेच वाक्य म्हटलं. सगळ्यात लहान मुलगा नऊ वर्षांचा होता. निळूभाऊ गेले तेव्हा तो जन्मलाही नव्हता. त्यांचा एकही चित्रपट त्यानं पाहिलेला नाही. इतरांनी केलेली नक्कल बघून तो नक्कल शिकला. पोरगं धीट होतं, मी त्याला गुण दिले. पण घरी आल्यावर चैन पडेना, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. पत्र लांबणार आहे. निळूभाऊंचा अभिनय मी ज्या तऱ्हेनं शिकले ती तऱ्हा जरा वेगळी आहे आणि ती सांगायला जागा लागेल.

मी १९७७ ते २००८ अशी ३१ वर्षं पुण्यातल्या एका कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवलं. आमच्या वेळी वर्गात खुणा करायची बंदी होती. समोरच्याच्या ओठांकडं बघून शब्द ओळखायचा आणि तोंडानंच उत्तर द्यायचं, अशी पद्धत. ती मुलांना किती जड जाते हे एकदा करून बघा. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता ‘पापा’, ‘बाबा’ आणि ‘मामा’ म्हणा. ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटतात आणि सारखेच उघडतात. ‘क’ आणि ‘ग’ तर आत घशाशी होतात, ओठांवर त्यांची खूण उमटतच नाही. म्हणजे बोलण्याचा मोठा भाग ओठांवर दिसतच नाही. तो मुलं दुसरीकडून भरून काढतात : डोळ्यांवरून, भुवयांवरून, खांदे कसे धरलेत त्यावरून, बोलणारा बोलता बोलता कुठं बघतो त्यावरून. आमची मुलं यात इतकी तयार असायची की बाई आज घरून भांडून आल्या आहेत हे त्यांना वर्गाच्या दारातच समजायचं. तोंडावर हसू आणून उपयोग नसे.

वसतिगृहात मात्र खुणांना मोकळीक होती. सिंहगडावरचा दूरदर्शनचा मनोरा १९७३ साली उभा राहिला आणि पुण्यात घरोघरी टीव्ही आले, पण आमच्या वसतिगृहात तो यायला १९८० नंतरचा काळ उजाडला. कृष्णधवल, लाकडी पेटीतला, पुढं सरकवायची दोन दारं असलेला. शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट असायचा. ज्या शनिवारी माझी पाळी असे तेव्हा मी मुलांबरोबर सतरंजीवर बसून बघायची. आवाजाची कळ बंद ठेवलेली असे. मुलांना त्याचा उपयोग नव्हता, आणि काही मुलांना कानाला लावलेल्या यंत्रातून नुसता गोंगाट ऐकू यायचा, त्यानं डोकं दुखायचं. असे निदान पन्नास-साठ मराठी चित्रपट मी मुके पाहिले.

कर्णबधिर मुलं माणसाचं नाव अक्षरांनी घेत नाहीत. त्या माणसात पहिल्यांदा जे दिसतं त्याची खूण करतात आणि ती खूण हेच त्याचं नाव होतं. माझी खूण होती चष्मा कपाळावर सरकवणं. दादा कोंडक्यांची खूण साहजिकच चड्डीची लोंबती नाडी. अमिताभ बच्चनची लांब पाय. निळूभाऊंचे चित्रपट तर इतके लागायचे की मुलांना त्यांच्यासाठी खूण लगेचच करावी लागली असणार. माझा अंदाज टोपीचा होता, फार तर मिशीचा. पण टोप्या काय, पडद्यावरच्या निम्म्या माणसांच्या डोक्यावर असायच्या. मुलांनी ठरवलेली खूण अशी : तर्जनी डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याशी टेकवायची, आणि मान अजिबात न हलवता नजर तेवढी सावकाश त्या बोटाकडं न्यायची.

ही खूण मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा अंगावर काटा आला. करणारा मुलगा सात वर्षांचा होता. टोपी नाही, मिशी नाही, आवाज नाही, आणि समोर निळूभाऊ.

त्यानंतर मी त्यांच्याकडं वेगळ्या डोळ्यांनी बघायला लागले. मुलांनी जे टिपलं होतं ते असं. साधारण माणसाला बाजूला काही हललेलं जाणवलं की त्याची मान वळते, आणि मानेबरोबर डोळे जातात. निळूभाऊंचे डोळे आधी जातात, जाऊन पोचतात, तिथलं काय ते बघून घेतात, आणि मग वाटलंच तर मान मागून जाते. कित्येकदा जातच नाही. एवढ्याशा उशिरानं काय होतं बघा. ज्याला धोका वाटतो तो झटकन वळतो. या माणसाला कशाचाच धोका नाही. गाव त्याचं, चावडी त्याची, समोरचा माणूसही त्याचाच. त्याला घाई कशाची असणार? एका मानेतून आख्ख्या गावाची मालकी दाखवणं याला मी अभिनय म्हणते.

‘सामना’ मी पहिल्यांदा पाहिला तो याच सतरंजीवर, १९८४ च्या सुमारास, आवाजाशिवाय. चित्रपट आला त्या वर्षी मी प्रशिक्षणासाठी पुण्याबाहेर होते, राहून गेला होता. विजय तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचा पहिला चित्रपट, १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत गेलेला, ही सगळी माहिती होती. डॉ. श्रीराम लागू मास्तर आणि निळूभाऊ हिंदुराव धोंडे-पाटील. ज्या चित्रपटाची भिस्त संवादांवर, तो आवाज बंद करून बघायचा म्हणजे काय हाती लागणार, असं वाटलं होतं.

दहा-पंधरा मिनिटांत मुलांनी सगळं ओळखलं. डॉक्टरांचा मास्तर त्यांना सोपा गेला. त्याचं शरीरच बोलतं : तोल जातो, हात थरथरतात, डोळ्यांत पाणी येतं, तो कुठंतरी दुसरीकडंच असतो आणि मधूनच जागा होतो. मुलांनी पटापट खुणा केल्या : दारू, दुःखी, शिकलेला, चांगला. हिंदुरावापाशी आल्यावर मात्र हात थांबले. ओठ वाचायची सोयच नव्हती. निळूभाऊ तोंड फारसं उघडत नाहीत. शब्द दातांच्या मागंच तयार होतो आणि ओठांच्या एका कडेनं निसटतो. मुलं पुढं सरकून टीव्हीच्या अगदी जवळ गेली. त्यांना तो माणूस वाईट आहे हे दिसत होतं आणि वाईटपणाची एकही ठरलेली खूण त्याच्यात सापडत नव्हती. तो मारत नाही, ओरडत नाही, डोळे वटारत नाही. दारुड्या मास्तराला उचलून घरी आणतो, खाऊ-पिऊ घालतो, आपलं राज्य हौसेनं दाखवतो.

तेव्हा इंदापूरकडचा एक मुलगा उठला. तेरा वर्षांचा असेल. त्याचे वडील बैलगाडीनं कारखान्यावर ऊस घालायचे. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, अगदी मायेनं, आणि हळूहळू त्या हाताचा भार वाढवत नेला. चेहऱ्यावर तेच हसू. मग त्यानं पडद्याकडं बोट दाखवलं, आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवून ‘आमच्या गावात’ अशी खूण केली.

पुढं ‘सामना’वर मी बरंच वाचलं. जाणकारांनी लिहिलेलं आहे, चांगलं आहे. पण त्या मुलाच्या हाताइतकं नेमकं काही माझ्या वाचनात आलं नाही. आणि ते नेमकं का होतं हे समजायला तो काळ आठवावा लागतो. आधीच्या मराठी चित्रपटातला खलपुरुष बहुधा सावकार, नाहीतर इनामदार. त्याची सत्ता वाडवडिलांकडून आलेली, ती टिकवायची तर धाक हवा, धाक हवा तर आवाज चढवायला हवा. १९६२ साली महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या, त्याच सुमाराला सहकारी साखर कारखान्यांचा पसारा वाढला, आणि गावात एक नवा माणूस तयार झाला. तो निवडून येतो. त्याला मतं लागतात. रस्ता तोच करतो, शाळा तोच काढतो, मुलाला कारखान्यात तोच चिकटवतो. तो ओरडत नाही, कारण ज्याच्यावर ओरडायचं तो त्याचा मतदार आहे. तो खांद्यावर हात ठेवतो. या माणसाला पडद्यावर चेहरा मिळाला तो निळूभाऊंचा, आणि लोकांना तो इतका पटला की नंतर गावोगावचे पुढारी बघून त्यांचीच आठवण व्हायला लागली.

म्हणून ते वाक्य नुसत्या घोगऱ्या आवाजात म्हटलं की माझा जीव कळवळतो. ते शब्द तरी नीट ऐका. त्यात ‘ये’ नाही, ‘या’ आहे. बाईला तो अहो-जाहो करतो. नकलाकार तो ‘या’ लाळ गाळत म्हणतात, आणि मग समोर उरतो एक चावट म्हातारा, ज्याला बघून हसता येतं. निळूभाऊंचा पाटील ‘या’ म्हणतो तो शुद्ध रीतभातीचा ‘या’ असतो, दारात आलेल्या पाहुण्याला म्हणतो तसा. नाही म्हणायची जागाच त्या आदरानं बुजवून टाकलेली असते. पदर सावरणाऱ्या बायका त्याला घाबरल्या असतील त्या म्हणूनच. असा आदरानं बोलणारा माणूस त्यांच्या ओळखीचा होता.

आवाजासकट ‘सामना’ मी पाहिला तो फार उशिरा, निवृत्तीनंतर, लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात, मोठ्या पडद्यावर. चित्रपटात मास्तर एकच प्रश्न लावून धरतो : ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ तो प्रश्न अनेकदा येतो, आणि मी त्या अंधारात मास्तराकडं बघतच नव्हते. मी ऐकणाऱ्याकडं बघत होते. माझ्या धंद्यात ऐकणं हाच विषय. ऐकू येणारी माणसं ऐकताना चेहऱ्यानं फार खोटं बोलतात, हे मी ३१ वर्षं पाहिलं आहे. माना डोलावतात, भुवया उंचावतात, आणि मनात त्यांचं पुढचं वाक्य तयार होत असतं. बहुतेक नटांचंही तसंच असतं. समोरच्याचं वाक्य संपायची ते वाट बघत असतात. निळूभाऊ ऐकतात. प्रश्न कानावर पडतो, आत उतरतो, तिथं तो तोलला जातो, हा माणूस किती पाण्यात आहे, याला किती माहीत आहे, याला कशानं विकत घेता येईल, असा सगळा हिशेब होतो, आणि मग उत्तर येतं तेही बेताच्या आवाजात. हा हिशेब तुम्हाला गालाच्या एका स्नायूतून आणि पापणीतून दिसतो. आणि हिंदुरावाला मास्तराचा लळाही लागलेला आहे, हे त्याच चेहऱ्यावर त्याच वेळी दिसतं. लळा आणि हिशेब एकमेकांना पुसत नाहीत. हे इतकं अवघड काम मी मराठी पडद्यावर दुसऱ्या कुणाकडून झालेलं पाहिलेलं नाही.

काहींचं म्हणणं असतं की त्यांचा आवाजच तसा होता, चेहराच तसा होता, त्यात करायचं काय? हे मला मान्य नाही. ते आले लोकनाट्यातून. सेवा दलाचं कलापथक, मग वग. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगानं त्यांचं नाव झालं आणि १९६८ साली अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’तल्या झेलेअण्णामुळं ते चित्रपटात आले. वगात काम करणाऱ्याला शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोचावं लागतं. तिथं हळू बोलणारा टिकत नाही. म्हणजे या माणसाला चढा आवाज, लांब फेकलेला शब्द, हजरजबाबी उलट उत्तर हे सगळं येत होतं. कॅमेऱ्यासमोर आल्यावर त्यांनी ते काढून ठेवलं, आणि वगातलं एकच ठेवलं : वेळ. कुठला शब्द टाकायच्या आधी किती थांबायचं, हे समोर जिवंत माणसं असतानाच शिकता येतं.

शंका असेल त्यानं ‘सखाराम बाइंडर’ आठवावं. १९७२ साली ते नाटक आलं तेव्हा मी २२ वर्षांची होते. परिनिरीक्षण मंडळाशी भांडण, कोर्ट, वर्तमानपत्रांतून चर्चा. आमच्या घरात त्या नाटकाचं नाव काढायची चोरी होती. थोरल्या भावानं वडिलांना न सांगता मला नेलं. कमलाकर सारंगांचं दिग्दर्शन, चंपाच्या कामात लालन सारंग. सखाराम हा छापखान्यातला बाइंडर, टाकलेल्या बायकांना घरी आणून ठेवणारा. तो बोलतो, भरपूर बोलतो, शिव्या देतो, घरात आलेल्या बाईला आपले नियम धडाधड ऐकवतो, मृदंग वाजवतो. तिथं निळूभाऊंचा आवाज असा मोकळा सुटला होता की मी खुर्चीत मागं सरकले. पुढच्या काही वर्षांत आलेल्या हिंदुरावात तोच आवाज मुठीत धरलेला आहे. दोन्ही पाहिलेल्या माणसाला कळतं की मूठ त्यांनी जाणूनबुजून मिटली होती. (घरी आल्यावर वडिलांना कळलंच. ते चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, ‘काम कसं केलंय त्यानं?’)

आणि ‘सिंहासन’. १९७९. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा, पुन्हा तेंडुलकर आणि जब्बार पटेल. अरुण सरनाईक मुख्यमंत्री, डॉ. लागू अर्थमंत्री, सतीश दुभाषी कामगार पुढारी, आणि निळूभाऊ पत्रकार दिगू टिपणीस. खलनायकाचा शिक्का बसलेल्या नटाला दिग्दर्शकानं अशा जागी उभं केलं की सगळी सत्ता त्याच्या भोवती फिरते आणि त्याच्या हातात काही नाही. स्मृतिलेखांत या भूमिकेची नोंद ‘वेगळी भूमिका’ अशा दोन शब्दांत होते. माझ्या मते ती वेगळी नाहीच. साधन तेच आहे. तोच स्थिर चेहरा, तीच आधी जाणारी नजर, तेच ऐकणं. हिंदुराव ऐकतो ते तोलायला; दिगू ऐकतो ते साठवायला. हिंदुरावाच्या नजरेला शेवटी काहीतरी करता येतं, दिगूच्या नजरेला फक्त बघता येतं. त्याला सगळं दिसतं, सगळे त्याला खासगीत सगळं सांगतात, आणि दुसऱ्या दिवशी कारभार तसाच चालू असतो. एकाच शांततेतून मालक आणि साक्षीदार असे दोन उलटे लोक त्यांनी काढले. हे ज्याला दिसलं नाही त्याला ‘सामना’तली शांतताही दिसली नसणार.

‘सिंहासन’ही आम्ही वसतिगृहात पाहिला. राजकारण मुलांना फारसं कळलं नाही, फोन फार आहेत अशी तक्रार होती. पण शेवटी दिगू टिपणीस रस्त्यावर हसत सुटतो. ज्यांनी आवाजासह पाहिलं आहे त्यांच्या कानांत ते हसणं राहिलं असेल. आवाज काढून टाकला की काय उरतं? उघडलेलं तोंड, हलणारे खांदे, मिटणारे डोळे. मुलांनी एकमेकांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. एकीनं गालावरून अश्रूची रेघ ओढून दाखवली आणि लगेच दोन बोटांनी ओठ ताणून हसू दाखवलं आणि हात पसरले : यातलं काय? मला उत्तर देता आलं नाही. मी दोन्ही खुणा एकापाठोपाठ करून दाखवल्या. त्यांनी माना हलवल्या, त्यांना ते पटलं.

आपल्याकडं नाट्यशास्त्रापासून अभिनयाचे चार प्रकार मोजतात : आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. नकलाकारांनी निळूभाऊंचं वाचिक घेतलं, म्हणजे घोगरा आवाज. आहार्य घेतलं, म्हणजे टोपी आणि धोतर. ही दोन उतरवून घेणं सोपं आहे, बाजारात मिळतात. त्यांची खरी कमाई चौथ्यात आहे, जे आत घडतं आणि न बोलावता चेहऱ्यावर येतं. त्याची नक्कल होत नाही. आमच्या सात वर्षांच्या मुलाला जमली, कारण तो बघताना निळूभाऊ आतून काय करताहेत हेच बघत होता; त्याच्यापाशी बघायला दुसरं काही नव्हतंच.

सगळं चांगलंच होतं असं मी म्हणत नाही. १९७५ नंतर त्यांना तीच टोपी, तोच वाडा, तीच बाई असे चित्रपट सतत मिळत गेले, आणि त्यांनी ते केले. त्यातल्या कितीतरी चित्रपटांत दिग्दर्शकानं त्यांना नुसतं डोळा बारीक करायला उभं केलेलं आहे. ते बघताना मला वाईट वाटायचं. हिंदीनंही त्यांना फार थोडं ओळखलं. अपवाद १९८४ च्या ‘सारांश’चा. महेश भट्ट यांच्या त्या चित्रपटात ते गजानन चित्रे हा मुंबईतला पुढारी आहेत, मुलाच्या भानगडीवरून एका म्हाताऱ्या जोडप्याला छळणारा. गाव नाही, वाडा नाही, भाषाही दुसरी, आणि तरी तो नम्रपणा आणि त्याखालचा भार जसाच्या तसा. भाषा बदलूनही जे उरलं ते किती पक्कं होतं याचा तो पुरावा आहे.

एक गोष्ट आपल्या लेखात नुसती माहिती म्हणून आली आहे, तिच्यावर मी बराच विचार केला आहे. चित्रपटात येण्याआधी निळूभाऊ इथं पुण्यात, वानवडीच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळी होते. गरिबीतून वर आले हे सांगण्यासाठी ते छापतात. मला त्यात त्यांचं शिक्षण दिसतं. मोठ्या साहेबांच्या बागेत काम करणारा माणूस दिवसभर बघत असतो आणि त्याच्याकडं कुणी बघत नसतं. अधिकार असलेली माणसं कशी चालतात, कशी थांबतात, हाताखालच्याशी बोलताना कुठं बघतात, हे त्याच्याइतकं निवांत कुणालाच बघायला मिळत नाही. पडद्यावर त्यांनी जो मालक उभा केला तो खाली वाकून काम करणाऱ्याच्या नजरेनं पाहिलेला मालक आहे. म्हणूनच इंदापूरच्या त्या मुलाला तो ओळखीचा वाटला असेल.

आता आपल्याकडं मागणं एवढंच. पुढच्या जुलैला त्यांच्या चांगुलपणावर लिहू नका असं नाही, पण एक पान त्यांच्या कामाला द्या. अभिनय शिकवणारी माणसं पुण्यात कमी नाहीत. त्यांच्यापैकी कुणाला तरी ‘सामना’तला एकच प्रसंग घेऊन बसवा आणि निळूभाऊ त्यात कधी थांबतात, कधी बघतात, कधी बघत नाहीत, एवढंच लिहायला सांगा. चित्रपट मंडळं आणि महाविद्यालयं ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ एकाच दिवशी लागोपाठ दाखवू शकतील. हिंदुराव बघून झाल्यावर तासाभरात दिगू बघितला की मी वर जे लिहिलं आहे ते कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. आणि शक्य असेल तर त्यातली दहा मिनिटं आवाज बंद करून दाखवावीत. प्रेक्षक सुरुवातीला कुरकुरतील, पण बघतील.

तो इंदापूरचा मुलगा आता चोपन्न वर्षांचा आहे. भोसरीत लेथवर काम करतो, बायकोला आणि दोन्ही मुलांना ऐकू येतं. दिवाळीला त्याचा व्हिडिओ कॉल येतो, तसा यंदाही आला. मागं त्याचा धाकटा मोबाइलवर काहीतरी बघून हसत होता आणि टोपी तिरकी करून तोंडानं काहीतरी म्हणत होता. बापानं मला खुणेनं विचारलं, हा काय म्हणतो? मी ओठ सावकाश हलवून ते वाक्य त्याला सांगितलं आणि कुणाची नक्कल आहे तेही सांगितलं. त्याला पटेना. त्यानं मुलाला जवळ ओढलं, डोक्यावरची टोपी काढून घेतली, त्याचं बोट धरून डोळ्याच्या कोपऱ्याशी टेकवलं, दुसऱ्या हातानं त्याची मान घट्ट धरून ठेवली, आणि आता बघ, अशी खूण केली.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
कोथरूड, पुणे